पगाराची ७ तारीख पाळा: लातूरच्या डाळमिल सभासदांना सूचना

डाळीला बाजारात उठाव नाही, गोदामं भरलेली आहेत, हे सगळेच जाणतो. तरी कामगारांना अंधारात ठेवू नका. पाळी कमी करायची असेल तर आठवडाभर आधी स्वतः सांगा, मुकादमाकरवी नको. मागच्या मंदीत आमच्या चाळणीवरचा जुना गडी म्हणाला होता, "मालक, खरं काय ते सांगा, म्हंजी पोरीच्या फीची सोय लावतो." ते अजून मनात आहे.

पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत द्या. कायदाही तेच सांगतो. बोनसची कायदेशीर तरतूद लागू असलेल्यांनी लक्षात ठेवावं, नफा नसला तरी पात्र कामगाराला किमान ८.३३ टक्के द्यावाच लागतो. दिवाळीसाठी आतापासूनच थोडे बाजूला काढा.

अडचण असेल त्या सभासदाने संकोच न करता कळवावे.