हायड्रोजन आधी खत कारखान्याला द्या

संपादक महोदय,

महाराष्ट्राच्या हरित हायड्रोजन धोरणाला, म्हणजे सौर-पवनसारख्या विजेने पाण्यातून काढलेल्या हायड्रोजनच्या धोरणाला, जुलै २०२३ मध्ये मंजुरी मिळाली. पहिल्या ५०० हायड्रोजन प्रवासी वाहनांना ३० टक्के, कमाल ६० लाख रुपये. पहिल्या २० भरणा केंद्रांना ३० टक्के, कमाल साडेचार कोटी. आणि गॅसमध्ये हायड्रोजन मिसळण्यासाठी पाच वर्षे किलोमागे ५० रुपये, अशी अनुदाने त्यात आहेत. परदेशी गॅसवरचे अवलंबित्व कमी करणे हा हेतू असेल, तर ही रक्कम जिथे सर्वांत कमी गॅस वाचतो तिथेच खर्ची पडणार आहे.

बसचा हिशेब पाहा. एक किलो हायड्रोजन तयार करायला इलेक्ट्रोलायझरला, म्हणजे विजेने पाण्याचे विघटन करणाऱ्या यंत्राला, ५० ते ५५ युनिट वीज लागते, ३५० बार (हवेच्या दाबाच्या साधारण ३५० पट) दाबाने टाकीत भरायला आणखी तीन-चार युनिट. शहरातली हायड्रोजन बस शंभर किलोमीटरला आठ-नऊ किलो घेते. म्हणजे किलोमीटरला साडेचार-पाच युनिट. बॅटरीवरची बस तेवढे अंतर सव्वा-दीड युनिटात कापते. मिश्रणाचेही तसेच. घनमीटरला घनमीटर लावला तर हायड्रोजनची उष्णता मिथेनच्या जेमतेम ३० टक्के, त्यामुळे पाइपलाइनमध्ये १० टक्के हायड्रोजन सोडला तरी गॅसची बचत तीन टक्क्यांच्या आसपासच. शिवाय उच्च दाबाच्या पोलादी वाहिनीत वेल्डच्या जोडांपाशी ठिसूळपणा येण्याचा धोका राहतो तो वेगळाच. संध्याकाळच्या विजेसाठी हायड्रोजन साठवायचा म्हटले तर घातलेल्या शंभर युनिटांतून तीसेक परत मिळतात. घाटघरचा २५० मेगावॉटचा उदंचन प्रकल्प (पाणी वर चढवून ठेवायचे आणि हवे तेव्हा खाली सोडून वीज बनवायची) तेच काम सत्तर टक्क्यांहून अधिक परतावा देऊन करतो.

खत कारखान्यात मात्र गणित उलटे होते. तिथे गॅस नुसता जाळला जात नाही, तो कच्चा माल आहे. नत्रखतांचा मूळ घटक असलेल्या अमोनियातला हायड्रोजन नैसर्गिक वायूतूनच काढतात आणि दर किलो हायड्रोजनमागे नऊ-दहा किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. इथे बॅटरी उपयोगाची नाही, हायड्रोजनचा अणूच हवा. आणि परदेशी गॅस अडण्याचा धोका कागदावरचा नाही. २०२२ मध्ये मूळ रशियन गाझप्रोम समूहातल्या सिंगापूरच्या कंपनीने दीर्घ मुदतीच्या करारातली एलएनजी (द्रवरूप नैसर्गिक वायू) जहाजे देणे थांबवले, तेव्हा गेल या सरकारी गॅस कंपनीला खत कारखान्यांचाही गॅस कापावा लागला होता.

पण खत म्हणजे सरसकट युरिया समजू नये. एक टन युरियाला सुमारे ०.५७ टन अमोनिया आणि ०.७३ टन कार्बन डायऑक्साइड लागतो. तो कार्बन डायऑक्साइड आज गॅसमधूनच फुकटात मिळतो. थळच्या युरिया कारखान्यात सगळा अमोनिया हरित केला, तर कार्बन डायऑक्साइड आणायचा कुठून? म्हणून सुरुवात करायची ती नायट्रिक आम्ल आणि अमोनियम नायट्रेट बनवणाऱ्या तळोज्यासारख्या ठिकाणी. तिथे हा पेच नाही, आणि अमोनिया हाताळणारी टाक्या-माणसे आधीच आहेत.

दिवसाला १०० टन हरित अमोनियाचा संच धरू. त्याला रोज १७.७ टन हायड्रोजन लागेल, म्हणजे इलेक्ट्रोलायझरलाच रोज साडेनऊ लाखांच्या आसपास युनिट, अखंड सुमारे ४० मेगावॉट. असे तीन संच वर्षभर चालले तर एलएनजीच्या एका मोठ्या जहाजाइतका, ६५-७० हजार टन, गॅस वाचतो.

अडचण आहे ती सूर्य मावळल्यावर. अमोनियाचे संश्लेषण ४०० ते ५०० अंश सेल्सिअस आणि दीडशे-दोनशे बार दाबावर चालते. ते रोज संध्याकाळी बंद आणि सकाळी सुरू करता येत नाही. अल्कलाइन (क्षारीय द्रावणावर चालणारा) इलेक्ट्रोलायझरही फार मंद चालवता येत नाही. भार २०-३० टक्क्यांखाली गेला की ऑक्सिजन कमी तयार होतो, दोन्ही वायू वेगळे ठेवणाऱ्या पडद्यातून झिरपणारा हायड्रोजन मात्र तेवढाच राहतो. ऑक्सिजनमध्ये त्याचे प्रमाण ४ टक्क्यांवर गेले की मिश्रण स्फोटक, म्हणून २ टक्क्यांनाच संच आपोआप बंद पडतो. वारंवार बंद केला तर उलट प्रवाहाने निकेलचे इलेक्ट्रोड झिजतात आणि किलोमागे वीज वाढत जाते. यावर उपाय दोन. सौर विजेला साताऱ्याच्या-धुळ्याच्या वाऱ्याची जोड द्यायची, कारण ढगाळ पावसाळ्यात सौर वीज घटते नेमका तेव्हाच वारा जोरात असतो. आणि हायड्रोजनचा साठा. १०० टनांच्या संचाला १२ तासांचा साठा म्हणजे जवळपास ९ टन. २०० बार दाबावर ठेवायला सव्वासहाशे घनमीटर टाक्या लागतात. जर्मनी-टेक्सासप्रमाणे मिठाच्या गुहा आपल्या काळ्या कातळात नाहीत, तेव्हा हा खर्च अंदाजपत्रकात पहिल्या दिवसापासून धरावाच लागेल.

हा खर्च टाळायला रात्री ग्रिडची वीज घेण्याचा मोह होईल. केंद्राच्या ऑगस्ट २०२३ च्या हरित हायड्रोजनच्या व्याख्येप्रमाणे हायड्रोजनच्या किलोमागे २ किलो कार्बन डायऑक्साइड, तोही वर्षाची सरासरी, एवढीच सूट आहे. ग्रिडच्या युनिटमागे सुमारे ०.७ किलो धरला तर निव्वळ ग्रिडवरचा एक किलो हायड्रोजन ३५ किलोंच्या पुढे जातो, गॅसपासूनच्या हायड्रोजनच्या साडेतीनपट. पाच-सहा टक्के वीज ग्रिडची निघाली तरी सगळी सूट संपते. म्हणून वीज कुठून आली याची नोंद तासागणिक ठेवण्याची अट राज्याने घालावी.

पाण्याची भीती मात्र अवाजवी आहे. रसायनशास्त्राप्रमाणे किलोला ९ लिटर. शुद्धीकरण आणि कूलिंग टॉवर धरून २५ लिटर माना. वर्षाला एक लाख टन हायड्रोजनला २५ लाख घनमीटर, म्हणजे एका टीएमसीचा दहावा भागही नाही. पाण्याच्या शुद्धतेत मात्र तडजोड नको. पीईएम (घन पडद्यावर चालणाऱ्या इलेक्ट्रोलायझरच्या) प्रकारात कॅल्शियम, मॅग्नेशियम किंवा लोहाचे कण पडद्यात अडकून बसतात आणि सेलचे व्होल्टेज चढते. कोकणात समुद्राचे पाणी गोडे करण्याला किलोमागे एक युनिटसुद्धा लागत नाही.

किमतीतही आता अंतर फार उरलेले नाही. जुलै २०२५ मध्ये सेकी या केंद्राच्या सौर ऊर्जा महामंडळाच्या पहिल्या लिलावात पारादीपच्या खत कारखान्यासाठी हरित अमोनिया किलोला ५५.७५ रुपयांना निघाला. गॅसमध्ये मिसळण्यासाठी ठेवलेले ५० रुपये तळोज्याच्या दारात पोहोचणाऱ्या हायड्रोजनला दिले, तर अमोनियाच्या किलोमागे जवळपास ९ रुपये कमी होतात. त्यासाठी नवा निधी नको, धोरणातली एक ओळ बदलायला हवी.

— एक रसायन अभियंता, अलिबाग