तुझ्या आराखड्यातले आठ राखीव बिट

प्रिय अभय,

तुझ्या नव्या नेटवर्क प्रोटोकॉलचा आराखडा वाचला. एन्क्रिप्शनवर तू पानंच्या पानं खर्ची घातलीस आणि राउटिंग, म्हणजे पॅकेट कोणत्या मार्गाने जाणार हे, दोन परिच्छेदांत उरकलंस. माझ्या मते हे उलटं हवं होतं.

२००८ च्या फेब्रुवारीत यूट्यूब २०८.६५.१५२.०/२२ हा प्रीफिक्स, म्हणजे पत्त्यांचा गट, 'इकडे पाठवा' म्हणून जाहीर करत होतं (तिरप्या रेघेनंतरचा आकडा जितका मोठा, तितका गट लहान आणि नेमका). पाकिस्तान टेलिकॉमने देशापुरती साइट बंद करायला त्यातलाच २०८.६५.१५३.०/२४ जाहीर केला. वरच्या पुरवठादाराने तो न तपासता पुढे सोडला आणि जगभरची ट्रॅफिक तिकडे वळली, कारण राउटर नेहमी जास्त नेमका प्रीफिक्स धरतो. कुलूप कितीही भक्कम असो, पॅकेट पोचलंच नाही तर काय?

कोणता प्रीफिक्स कुणी जाहीर करावा हे सहीनिशी नोंदवणारं आरपीकेआय तू घेतलंस, बरं केलंस. पण त्यातल्या नोंदीत, म्हणजे आरओएमध्ये, तुझ्या /२२ ला कमाल लांबी २४ दिलीस, 'पुढेमागे लागेल' म्हणून. नेमकं हेच अंगाशी येतं. हल्लेखोर मार्गाच्या शेवटी तुझाच एएस क्रमांक (नेटवर्कचा ओळख क्रमांक) चिकटवतो, तू न वापरलेला /२४ जाहीर करतो, आणि तपासणीत तो वैध ठरतो. जाहीर करतोस तेवढीच लांबी लिही. अख्ख्या मार्गावर प्रत्येक नेटवर्कची सही हवी तर बीजीपीसेक ही पद्धत आहे, पण मधलं एक नेटवर्क जरी ते पाळत नसेल तरी साखळी तुटते. सायऑन या नव्या धर्तीच्या इंटरनेट-रचनेची पद्धत मला जास्त पटते: मार्ग पॅकेटमध्येच असतो आणि प्रत्येक टप्प्यावर त्या त्या एएसचा मॅक (गुप्त चावीने काढलेला पडताळणीचा ठसा) ताडून पाहिला जातो.

आता तू पुढच्या वापरासाठी मोकळे ठेवलेले ते आठ राखीव बिट. ते कायम शून्यच गेले, तर कुणीतरी फायरवॉलमध्ये 'शून्य नसेल तर टाकून दे' असा नियम लिहिणारच. वेबवरच्या एन्क्रिप्शनचा प्रोटोकॉल टीएलएस, त्याच्या १.३ आवृत्तीला आजही जुन्या रकान्यात १.२ चा आकडा मिरवावा लागतो आणि खरी आवृत्ती एक्स्टेन्शनमध्ये लपवावी लागते, ती याच रोगामुळे. त्यावर उपाय ग्रीस नावाच्या युक्तीचा: पहिल्या दिवसापासून त्यात रॅण्डम मूल्यं भर. जे मोडायचं ते चाचणीतच मोडेल.

क्वांटमनंतरच्या, म्हणजे क्वांटम संगणकापुढेही टिकाव्यात अशा चाव्यांचा हिशेब मात्र तू केलेलाच नाहीस. आजच्या एक्स२५५१९ पद्धतीची चावी ३२ बाइटांची, क्वांटमनंतरच्या एमएल-केईएम-७६८ ची ११८४. त्यामुळे क्लायंट हॅलो, म्हणजे जोडणीचा पहिला संदेश, दोन पॅकेटांत फुटतो, आणि एकाच वाचनात तो पूर्ण मिळेल असं धरून चाललेला सर्व्हर तिथेच अडतो. क्विक या नव्या वाहतूक प्रोटोकॉलमध्ये पॅकेटला प्रत्येकी १२०० धरले तरी २४०० बाइट आले. क्लायंटच्या पत्त्याची खात्री होईपर्यंत सर्व्हरला आलेल्याच्या तिप्पटच उत्तर देता येतं, म्हणजे ७२००. क्वांटमनंतरच्या सहीची पद्धत एमएल-डीएसए-४४, तिची एक सही २४२० बाइटांची. प्रमाणपत्रांच्या दोन आणि हँडशेकची (जोडणीच्या सुरुवातीच्या देवघेवीची) एक धरली की ७२६०, चाव्या अजून मोजल्याच नाहीत! ही मर्यादा पाचपट करायचा मोह होईल, पण दुसऱ्याचा पत्ता खोटाच लावून त्याच्यावर मारा करायला तुझाच सर्व्हर वापरला जाईल. त्यापेक्षा पत्त्याची खात्री करण्यात एक फेरी जास्त जाऊ दे.

पुढची प्रत पाठवशील तेव्हा निदान ते आठ बिट बदललेले असू देत. बाकीचं सावकाश कर.

तुझा,
सुहास