पिशवी काढायच्या आधी: मावशीला पत्र

मँचेस्टर,
रविवार

ती. सौ. मावशीस,
साष्टांग नमस्कार.

ताईने तुझ्या लघवीच्या नोंदवहीच्या पानांचे आणि डॉक्टरांच्या कागदाचे फोटो पाठवले. कागदावर लिहिलंय: गर्भाशय थोडं खाली, दुसरी पायरी, लघवी गळते, गर्भाशय काढण्याचा सल्ला. मावशी, लघवी गळते एवढ्याच कारणासाठी पिशवी काढण्यात अर्थ नाही. लघवी रोखून धरणं हे पिशवीचं कामच नाही. ते करतो मूत्रनळीभोवतीचा स्नायू आणि पुढच्या हाडापासून माकडहाडापर्यंत झोळीसारखे ताणलेले खालचे स्नायू. पिशवी काढली तरी ते होते तसेच ढिले राहतात. स्वीडनमध्ये देशभरच्या नोंदींवरून केलेला एक अभ्यास २००७ साली छापून आला. पिशवी काढलेल्या बायकांना पुढे लघवी गळण्याचं ऑपरेशन करावं लागण्याचं प्रमाण त्यात इतर बायकांच्या दुपटीहून जास्त निघालं. गाठी, कॅन्सरची शंका, न थांबणारं अंगावरून जाणं, असं काही असतं तर गोष्ट वेगळी. तुझ्या कागदावर यातलं काही नाही, त्यामुळे तारीख लगेच घेऊ नकोस. इथल्या सरकारी नियमावलीप्रमाणे गळण्यासाठी आधी किमान ३ महिने नीट शिकवलेला व्यायाम देतात. अंग, म्हणजे गर्भाशय, पहिल्या-दुसऱ्या पायरीपर्यंत उतरून त्रास देत असेल तर १६ आठवडे.

वही मात्र तू फार छान ठेवलीस. मंगळवारचं पान बघ. पहाटे ५.४० ला ३८० मिली. मग दिवसभरात आठ वेळा, पण प्रत्येक वेळी ६० ते १५० मिलीच. देवळात जायच्या आधी ६०, भाजीला निघताना ९०. रात्री १.१५ ला ३२० आणि ४ ला २८०. म्हणजे तुझं मूत्राशय ३८० मिली सहज धरतं, ते लहान झालेलं नाही. दिवसा तू ‘निघण्याआधी एकदा जाऊन येते’ करून त्याला थोडक्यातच रिकामं व्हायची सवय लावली आहेस. आता शंभर मिली झाले की ते ओरडायला लागतं.

गळण्याच्या नोंदी दोन तऱ्हेच्या आहेत. खोकताना आणि पाण्याची बादली उचलताना थोडी सुटते, ती जोर पडल्याने. बाहेरून येऊन कुलूप उघडताना एकदम घाई होऊन परकर भिजतो, ती मूत्राशय अवेळी आकुंचन पावल्याने. दोन्हींचे उपाय वेगळे आहेत आणि तुला दोन्ही लागतील.

आधी व्यायाम. पहिले दोन आठवडे आडवं पडून, गुडघे दुमडून कर. चारचौघांत वारा सरायला लागला तर आपण मागची जागा कशी आवळून घेतो, तशी आवळ. मग तोच ताण पुढे लघवीच्या जागेपर्यंत ने आणि सगळं आत, वरच्या बाजूला खेच. श्वास चालू ठेव. मांड्या, कुल्ले आणि वरचं पोट सैल हवं. बेंबीखाली अगदी थोडं आत ओढल्यासारखं वाटलं तर चालेल. आवळण्याइतकंच सोडणंही महत्त्वाचं आहे, पूर्ण ढिलं सोड. अर्धवट सोडलेला स्नायू लवकर थकतो आणि दुखायला लागतो.

बहुतेक बायकांचं इथेच चुकतं. १९९१ सालच्या एका अमेरिकन अभ्यासात बायकांना नुसतं तोंडी सांगून हा व्यायाम करायला लावला होता. जेमतेम निम्म्या जणींना तो नीट जमला, आणि चारात एक जण अशा रीतीने करत होती की गळणं उलट वाढावं. त्या वर खेचण्याऐवजी खाली कुंथत होत्या. म्हणून एकदा आरसा धरून बघ. शौचाची जागा आकसून आत गेली, योनी आणि गुदद्वार यांच्यामधला भाग वर उचलला गेला, तर बरोबर. तो भाग बाहेर फुगला तर चूक. तसं होत असेल तर थांब आणि कराडला किंवा पुण्याला स्त्रियांच्या याच व्यायामाचं शिक्षण घेतलेल्या फिजिओथेरपिस्टला दाखव. ती हातमोजा घालून बोटाने तपासते, स्नायूचा जोर शून्य ते पाच अशा मापात लिहिते आणि किती वेळ धरता येतं ते मोजते. तपासणीची लाज वाटली तर बाईच हवी असं सांग, पण तपासणी टाळू नकोस.

लघवी करताना मध्येच थांबवून हा व्यायाम करू नये. स्नायू कोणता ते ओळखायला एकदा थांबवून पाहिलंस तर ठीक. रोज केलंस तर लघवी पूर्ण होत नाही आणि मागे उरलेल्या लघवीत जंतुसंसर्ग होऊ शकतो.

किती करायचं ते स्वतःच्या मापाने ठरव. आवळून धर आणि मोज. पकड सुटते तो तुझा आकडा. समजा ४ सेकंद आले, तर ४ सेकंद धर, ४ सेकंद सोड, असं पाच-सहा वेळा. मग एक मिनिट थांबून दहा वेळा पटपट आवळ-सोड कर. हे दिवसातून तीनदा. दर आठवड्याला एखादं सेकंद किंवा एखादी फेरी वाढव. शेवटी १० सेकंदांचे १० आणि पटपट १० एवढं जमायला हवं. तिसऱ्या आठवड्यापासून बसून कर, दीड महिन्यानंतर उभ्याने, कारण गळतं ते उभं असतानाच. सहा-आठ आठवड्यांत फरक जाणवायला लागतो. दोन आठवड्यांत काही झालं नाही म्हणून सोडून देणाऱ्या बायकाच जास्त, आणि मग ‘व्यायामाचा काही उपयोग नाही’ असं त्याच सांगत फिरतात.

तू योगाच्या वर्गात मूलबंध करतेस, त्यात आवळायची जागा बरीचशी हीच आहे. फरक एवढाच की तिथे श्वास रोखतात, इथे रोखायचा नाही. कपालभाती मात्र तीन महिने बंद ठेव. प्रत्येक झटक्याला पोटातला दाब खाली येतो, आणि तुझं अंग आधीच खाली आहे.

स्नायू सापडला की लगेच वापरायचं एक तंत्र आहे. खोकला किंवा शिंक येतेय असं वाटलं की आधी आवळ, आवळलेलं धरून खोक, मग सोड. बादली उचलतानाही तसंच: आवळ, श्वास सोडत उचल. बादली अर्धीच भर. घरात माणसं आहेत, त्यांनाही दोन हात आहेत.

आता घाईचं. लघवीची कळ लाटेसारखी येते, चढते आणि मिनिटाभरात ओसरते. आपण नेमके ती चढलेली असताना पळतो. पळताना पोटावर जोर येतो, न्हाणीघर दिसतं आणि मूत्राशय आणखी चेकाळतं. पळू नकोस. असशील तिथे थांब, जमलं तर खुर्चीच्या कडेवर टेकून बस. पाच-सहा वेळा जोरात, पटपट आवळ. टाचा वर-खाली कर, शंभरपासून सात-सात वजा करत मोज. कळ ओसरली की मग सावकाश चालत जा. कुलपाशी होतं तेव्हाही किल्ली हातात घेण्याआधी पायरीवरच हे कर.

त्याबरोबर वेळापत्रक. वहीवरून तुझं सध्याचं अंतर कधीकधी सव्वा तासावर येतं. पहिला आठवडा जागेपणी दर सव्वा तासाने जा, कळ असो वा नसो, पण मधे नाही. मग दर आठवड्याला १५ मिनिटं वाढव. निदान सहा आठवडे चिकाटीने करायला लागतं. तीन तासांचं अंतर जमलं की झालं. ‘जाऊन येते’ बंद. देवळात जाताना वेळ झाली असेल तरच.

पाणी कमी करू नकोस. एसटीचा प्रवास असला की तू सकाळपासून पाणी पीत नाहीस हे मला ठाऊक आहे. घट्ट झालेली लघवी मूत्राशयाला चिडवते आणि घाई वाढते. दिवसाला दीड ते दोन लिटर ठेव, पण घोट-घोट, आणि झोपण्याआधी दोन तास थांबव. चहाचे पाच कप वहीत दिसतात. ते दोनवर आण, दोन्ही सकाळचे. एकदम तोडलास तर डोकं दुखेल, दर तीन-चार दिवसांनी एक कप कमी कर.

रात्रीच्या दोन फेऱ्यांचा मूत्राशयाशी फार संबंध नाही. रात्रीची आणि पहाटेची मिळून ९८० मिली, दिवसाची सगळी मिळून ८५०. अर्ध्याहून जास्त लघवी रात्री तयार होतेय. संध्याकाळी पाय सुजतात असं ताई म्हणाली. दिवसभर पायांत उतरलेलं पाणी आडवं पडलं की परत रक्तात येतं आणि लघवीवाटे जातं. दुपारी चारच्या सुमारास तासभर पाय उशीवर, छातीच्या पातळीला ठेवून पड. आणि रक्तदाबाच्या गोळ्या डॉक्टरांना दाखव. अम्लोडिपिनने पायाला सूज येते. रामिप्रिलने कोरडा खोकला येऊ शकतो, आणि खोकतानाच तुझी लघवी सुटते. गोळी स्वतःहून बंद करायची नाही. खोकला न आणणारी दुसरी देता येते का, एवढं विचार. सूज हृदयामुळे किंवा किडनीमुळे नाही ना, हेही त्यांनीच बघायचं.

शौचाला कुंथणं बंद व्हायला हवं, कारण अंग खाली येण्याला तेही हातभार लावतं. नव्या कमोडवर बसतेस तर पायाखाली आठ-नऊ इंचांचा पाट घे. गुडघे कमरेच्या वर यायला हवेत. पुढे वाक, कोपरं गुडघ्यांवर टेक, पोट सैल सोड. इसबगोल घेतलास तर त्यावर पेलाभर पाणी हवंच, नाहीतर बद्धकोष्ठ वाढतं. बाहेरच्या संडासात अधांतरी, अर्धं वाकून लघवी करू नकोस. त्या अवस्थेत खालचे स्नायू पुरते सैल होत नाहीत आणि लघवी मागे राहू शकते. वजनाचं मी बोलले की तुला राग येतो, तरी सांगते: ७४ किलोतले चार-पाच किलो उतरले तरी गळण्यात फरक पडतो.

पाळी जाऊन सात वर्षं झाली, त्यामुळे तिथली त्वचा कोरडी आणि पातळ झाली असणार. स्त्रीरोगतज्ज्ञांना इस्ट्रिऑल या हॉर्मोनच्या क्रीमबद्दल विचार. ते सहसा पहिले दोन आठवडे रोज रात्री आणि मग आठवड्यातून दोनदा आत लावतात. घाईला त्याचा उपयोग होतो. स्तनाचा कर्करोग झालेला असेल तर आधी त्या डॉक्टरांचा सल्ला लागतो, तुझ्या बाबतीत तो प्रश्न नाही.

अंग खाली आल्याचा जडपणा व्यायामाने पुरेसा गेला नाही तर पेसरी म्हणजे सिलिकॉनची कडी बसवून घे. ती मिलिमीटरच्या मापात येते, प्रत्येकीचं माप वेगळं. बसवल्यावर कडी आणि योनीची भिंत यांच्यात एक बोट फिरायला हवं. दवाखान्यातून निघण्याआधी चाल, खोक, उकिडवी बस आणि लघवी करून दाखव. सटकली तर माप लहान, दुखली किंवा लघवी अडली तर मोठं. स्वतः काढून धुवायला शिकलीस तर उत्तम, नाहीतर ठरल्या तारखेला दवाखान्यात जायलाच हवं. विसरून वर्षानुवर्षं आत राहिलेली कडी जखम करते.

घाईच्या गोळ्या वेळापत्रक सहा आठवडे करून बघितल्यावरच. ऑक्सिब्युटिनिन वय वाढलेल्या बायकांना द्यायला मी कचरते. तोंड कोरडं पडतं, बद्धकोष्ठ होतं, विसराळूपणा वाढतो. मिराबेग्रॉन दिलं तर आधी आणि नंतरही रक्तदाब मोजायला हवा. कुठल्याही गोळीला चार आठवडे दे.

आणि ऑपरेशनवर गोष्ट आलीच तर दोन प्रश्न विचार. पहिला: पिशवी ठेवून वर टांगता येईल का? गोव्याच्या शिरोड्याचे डॉ. वि. ना. शिरोडकर आणि मुंबईचे पुरंदरे यांच्या नावाच्या शस्त्रक्रिया त्यासाठीच आहेत, तुझे डॉक्टर त्या शिकूनच बाहेर पडलेत. दुसरा: कृत्रिम जाळी किंवा टेप वापरणार का? इंग्लंडमध्ये गळण्यासाठी योनीमार्गे बसवायच्या टेपचा वापर जुलै २०१८ मध्ये थांबवला, कारण काही बायकांना कायमचं दुखणं लागलं आणि टेप काढणंही सोपं नसतं. तुझ्याच पोटावरच्या पडद्याची पट्टी वापरूनही ते ऑपरेशन होतं.

हे सगळं सुरू करण्याआधी तीन तपासण्या करून घे: लघवीची साधी आणि कल्चर म्हणजे जंतूंची, रक्तातली साखर, आणि सोनोग्राफीत लघवी करून आल्यावर आत किती उरते. १०० मिलीहून जास्त उरत असेल तर मला आधी कळव, मग वेळापत्रक लगेच सुरू करायचं नाही. लघवीत रक्त दिसलं, लघवी अजिबात होईना किंवा मांड्यांमधली जागा बधिर झाली तर पत्राची वाट न बघता त्याच दिवशी दवाखान्यात जा.

पाळीचे पॅड वापरू नकोस, ते लघवी इतक्या लवकर शोषत नाहीत आणि त्वचा भिजत राहते. लघवीसाठीचे वेगळे पॅड औषधांच्या दुकानात मिळतात. धुतल्यावर टिपून कोरडं कर आणि व्हॅसलीनचं बोट अगदी पातळ फिरव. जाड थर दिलास तर तो पॅडला लागून पॅड शोषेनासं होतं.

सहाव्या आठवड्यात पुन्हा तीन दिवसांची वही ठेव, तोच प्लास्टिकचा मग घेऊन. फोटो ताईकडून पाठव. या वेळी कळ किती जोरात होती तेही शून्य ते चार असं लिही, आणि गोळ्या बदलल्या असतील तर त्यांची नावं पाकिटावरून उतरवून घे. काकांना नमस्कार.

तुझी भाची