बाबा, ट्रिमर जरा बाजूला ठेवा

आई-बाबा, साष्टांग नमस्कार,

तुम्ही पाठवलेले बॉक्सवूडचे, म्हणजे आपल्या त्या कापून गोल केलेल्या शोभेच्या झुडपांचे, फोटो झूम करून बघितले. बाहेरून झाडं काय गोल गरगरीत दिसताहेत, पण बाबा, आत बघा, नुसत्या काड्या आणि वाळका पाला, हिरवं काय ते वरच्या दोन बोटांच्या थरात. सारखं वरवर ट्रिमर फिरवला की टोकाला फुटवे दाट येतात, मग आत ऊन नाही, हवा नाही, पानं ओली झाली की लवकर सुकत नाहीत आणि बुरशीचं फावतं. त्यामुळे आता साधा सिकेटर, म्हणजे फांद्या छाटायची हातातली कात्री, घ्यायचा, आणि थंडी सरता सरता, नवी पालवी फुटायच्या आधी, इकडची एक तिकडची एक फांदी वीतभर आतून कापायची, वरून बघितलं तर मधेमधे भोकं दिसली पाहिजेत. आई आरडाओरडा करेल, करू दे, भरतात ती.

पानं कोरडी असतानाच कापा आणि एका झाडाचं दुसऱ्याला लावण्याआधी पातं स्पिरिटने पुसा. बॉक्सवूड ब्लाइट नावाचा बुरशीचा रोग आहे, १९९० च्या दशकात ब्रिटनमध्ये दिसला, २०११ ला अमेरिकेत, त्याचे चिकट बीजाणू अवजारांवरून सुद्धा पसरतात. पानांवर तपकिरी डाग, कोवळ्या काड्यांवर काळ्या रेघा आणि भराभर पानगळ असं एकत्र दिसलं तर लगेच मला फोटो पाठवा, तो पाला कंपोस्टमध्ये अजिबात नको.

आई, आता तू. रोज पाइपने वरून आंघोळ घालणं बंद कर गं. मुळं अगदी वरवर असतात हे खरं, पण पाणी तुंबलं तर ती कुजतात, मग झाड मरगळतं आणि तुला वाटतं तहानलंय, अजून पाणी. माती बोटाने चाचपून बघ, कोरडी लागली तरच बुडाशी घाल. बुडाशी खुरपं चालवू नकोस, त्यापेक्षा दोन-तीन इंच पालापाचोळा पसर, फक्त खोडाला टेकवू नकोस.

आणि झाडांपाशी मुताचा वास येतो म्हणून त्या बिचाऱ्या मांजराला हाकलू नका, तो वास बऱ्याचदा झाडाचाच असतो, काही जातींना येतो तसा. कापलेल्या फांद्या मात्र कुत्र्याच्या तोंडाला लागू देऊ नका, विषारी असतात.

बुडाकडच्या फांद्या मी आल्यावर कापेन, बाबांनी गुडघ्यावर बसायचं नाही. आणि उन्हाळा संपताना कोणीच कात्री लावू नका, उशिरा आलेली कोवळी पालवी थंडीत करपते.

तुमची लेक