वरच्या माळ्यावर चढू नकोस

चि. पल्लवीस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोन मीच ठेवला, रागाने. तेव्हापासून तुझी आई माझ्याशी धड बोलत नाही. "बाबा, तुम्हाला त्या बंद पडलेल्या कापसाच्या जिनाचं काहीच वाटत नाही," असं तू म्हणालीस. मला उत्तर सुचलं नाही, म्हणून आवाज चढला. आज लाइन गेली आहे, झोपही येत नाही, तर लिहायला बसलो.

तुझा फोटो दादाने मोठा करून दाखवला. जिनातल्या गाठी बांधायच्या प्रेसच्या वरच्या माळ्यावरून खाली काढलेला. कडेला तुझ्या बुटाचं टोक दिसतं आणि त्याखालची फळी. मला त्या फोटोत दुसरं काही दिसलंच नाही.

पोरी, ती फळी माझ्या ओळखीची आहे. दिवाळी झाली की जिन सुरू व्हायचं, आणि हंगामभर आबा त्याच माळ्यावर. दोघं-तिघं पेटीत उतरून रुई पायांनी तुडवायचे, मग दाब बसायचा. पाच क्विंटल कापूस रेचून सरकी वेगळी केली की कुठे १७० किलोची एक गाठ. मी डबा घेऊन गेलो की आबा वरूनच ओरडत, "तिथंच थांबजो, वर येऊ नको." तेव्हा त्या सागाच्या फळ्या तेल पिऊन काळ्याभोर झालेल्या होत्या, बैल उभा केला असता तरी हलल्या नसत्या. आता वरचे टिनाचे पत्रे गेले, छपराच्या कैच्यांना ताणून धरणाऱ्या सळ्या भंगारवाल्यांनी कापून नेल्या. इतके पावसाळे ते लाकूड उघड्यावर भिजलं. वरून कोरडं दिसतं, आतून भुसा झालेलं असतं. आणि खाली पेटीचा खड्डा आहे, गाजरगवताने झाकलेला. तो किती खोल आहे ते वरून कळत नाही.

एकटी जाऊ नकोस. पावसाळ्यात जाऊ नकोस. भिंतीला टेकू नकोस. पायात गमबूट घाल, तिथे घोणस निघते. बघ, लागलो ना मी पुन्हा. तू सव्वीस वर्षांची आहेस, पुण्यात एकटी राहतेस, मला कळतं. माफ कर. पण मोठ्या काकाची ती दोन बोटं डोळ्यांसमोरून जात नाहीत.

तुला ती गोष्ट कोणी नीट सांगितलीच नाही. रेच्यात कापूस चामड्याच्या रुळावर चढतो, सुरी सरकी मागे पाडते, रुई पुढे निघते. कापसात खडा आला तर ठिणगी पडून आग लागते, म्हणून काका हाताने खडा काढायला गेले. सगळे रेचे जमिनीखालच्या एकाच शाफ्टावर, पट्ट्यांनी फिरायचे. एकच रेचा कसा थांबवणार? मालकाने भरपाई दिली नाही. पुढच्या हंगामात काका पुन्हा तिथेच. आबांची तर सोमवारी छाती भरून यायची. रविवारी सुट्टी, सोमवारी पुन्हा कापसाची धूळ. आई म्हणायची, सोमवारचा दमा. त्या जागेचं मला काही वाटत नाही, असं कसं म्हणालीस गं?

तुझा दुसरा फोटो मात्र मी तीनदा पाहिला. खिडकीतल्या जाळ्यात रुईचे तंतू अडकलेले, आणि मागे रेच्याच्या बिडावर कोरलेली 'प्लॅट ब्रदर्स, ओल्डहॅम' ही अक्षरं. लहानपणापासून मी त्या बिडावर डबा ठेवायचो, ती अक्षरं कधी वाचली नाहीत. तू वाचलीस. तो फोटो मी मास्तरांनाही दाखवला.

१९७२ मध्ये सरकारची कापूस एकाधिकार खरेदी आली तेव्हा कापसाच्या बैलबंड्यांची रांग पार सडकेपर्यंत लागायची. रात्री आम्ही कापसावरच झोपायचो. पहाटे शकुंतला रेल्वेची शिटी. गाठी मुर्तिजापूरला आणि तिथून मोठ्या गाडीने मुंबईला जायच्या. वाफेचं इंजिन १९९४ पर्यंत होतं, मग डिझेल, आता रुळांत बाभळी. समृद्धी महामार्ग झाल्यापासून कारंज्याकडच्या जमिनींना भाव आलाय. जिनाच्या आवारात प्लॉट पाडणाऱ्या लेआउटवाल्यांनी चुन्याच्या रेघा मारल्या आहेत. दिवाळीआधी पाडतील असं चौकात बोलतात. तुझी घाई मला समजते.

म्हणून सांगतो, वजनकाट्याच्या खोलीत दक्षिणेच्या भिंतीवर गेरूच्या रेघा आहेत, पाच-पाचच्या जुड्या. आबांना लिहिता येत नव्हतं, गाठी ते अशा मोजायचे. शेवटच्या जुडीत तीनच रेघा आहेत. त्या दिवशी त्यांना घरी आणलं होतं. ती भिंत जमिनीवर उभं राहून दिसते. तिचा फोटो काढ. सकाळी नऊच्या सुमारास तिथे ऊन येतं.

शनिवारी ये. मी काठी आणि बॅटरी घेऊन बरोबर येतो. बाकी जिथे म्हणशील तिथे उभा राहीन, पण माळ्यावर चढू नकोस.

तुझा,
बाबा