नाताळाआधी हिशोब चुकते करा

जय ख्रिस्त सगळ्यांना. डिसेंबर लागला की ग्रुपवर केक आणि गायनाचे व्हिडिओ सुरू होतात ते छानच, पण त्याआधी एक आठवण, दुकानात वर्कशॉपमध्ये जी पोरं राबतात त्यांचा पगार २० तारखेच्या आत द्या. बायबलमधलं लेवीय १९:१३ सगळ्यांना माहितीय, मजुराची मजुरी रात्रभर पण आपल्याकडे ठेवायची नाही आणि आपण बिनधास्त "सोमवारी ये" म्हणतो.

माल देणाऱ्यांचंही तेच. उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) असलेल्या छोट्या कारखानदाराचं बिल लेखी करार असला तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसला तर १५ दिवसांत द्यायचं असं २००६ चा एमएसएमई (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग) कायदाच सांगतो, उशीर केला तर वर व्याज.

आणि चर्चच्या मंडळीतल्याच माणसाकडून काम करून घेऊन "भाऊ, आपलेच आहात" म्हणत पैसे लटकवणं तर बंदच करा. मागच्या नाताळात मीच एका पेंटर भावाला फेब्रुवारीपर्यंत थांबवलं, उपासनेत त्याच्या शेजारी बसायची लाज वाटायची.

ज्यांची कॅश खरंच अडकलीय त्यांनी फोन टाळू नका, स्वतःहून तारीख सांगा, अर्धे तरी द्या. शनिवारी संध्याकाळी ६ ला प्रार्थनेनंतर बसू, येताना उधारीची वही आणा, घेणं नाही, देणं लिहिलेली 😄