ग्लॉकची मूठ सगळ्यांच्या हातात बसत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीतला ग्लॉक १७ या पिस्तुलावरचा लेख आणि त्यावर नंतर छापून आलेलं विरोधी पत्र, दोन्ही मी वाचलं. लेखकाचं म्हणणं असं की हे पिस्तूल कुणाच्याही हातात सहज बसतं आणि जगभर त्याला एवढी मागणी आहे ती त्यामुळेच. पत्रलेखकाला ती प्लॅस्टिकची वीट वाटते, मूठ म्हणायच्याही लायकीची नाही. मी पिस्तूल नेमबाजी शिकवते. नवनवे हात मुठीवर बसवून देणं हेच माझं रोजचं काम असल्यामुळे या वादात मला गप्प बसवत नाही. ग्लॉकचं यश आणि ग्लॉकची मूठ यांची सांगड दोघांनीही घातली आहे आणि तिथेच दोघांचं चुकतं. हे पिस्तूल गाजलं ते मुठीशी फारसा संबंध नसलेल्या कारणांनी. त्या यशामुळे मुठीच्या तक्रारींकडे मात्र जवळजवळ तीस वर्षं कुणी नीट लक्ष दिलं नाही.

गास्टन ग्लॉक हे मुळात पिस्तुलं बनवणारे नव्हते. त्यांचा कारखाना पडद्यांच्या दांड्या आणि लष्करासाठी सुऱ्या असल्या वस्तू करायचा. ऑस्ट्रियाच्या लष्कराला नवं पिस्तूल हवं होतं, यांनी ते करून दाखवलं आणि १९८२ मध्ये ते स्वीकारलं गेलं. प्लॅस्टिकच्या सांगाड्याचं हे पहिलं पिस्तूल असं लेखात म्हटलंय, ते बरोबर नाही. हेकलर अँड कॉख कंपनीचं व्हीपी ७० हे १९७० मध्येच आलं होतं. मात्र हलकेपणाचा खरा फायदा ग्लॉकने करून दिला. गोळ्या भरायचं मॅगझिन काढलेलं ग्लॉक १७ साधारण सव्वासहाशे ग्रॅम भरतं, अमेरिकी लष्कराचं जुनं एम १९११ त्याच्या पाऊणपट जास्त, म्हणजे सुमारे अकराशे ग्रॅम. त्यात मॅगझिनमध्ये १७ गोळ्या. सुटे भाग चाळीसच्या आत. बाहेर अंगठ्याने खालीवर करायची सेफ्टी नाही, आणि ट्रिगरचा दाब पहिल्या गोळीपासून शेवटच्या गोळीपर्यंत सारखाच, साधारण अडीच किलो. ज्या खात्याला हजारो माणसं थोड्या वेळात तयार करायची आहेत, त्याला हे सगळं किती सोयीचं पडतं हे शिकवणाऱ्यालाच कळतं. सुटं करायला, पुसायला, परत जोडायला इतकं सोपं पिस्तूल मी क्वचितच हाताळलंय. या गुणांबद्दल माझा लेखकाशी काडीचाही वाद नाही.

वाद आहे तो 'कुणाच्याही हातात' या दोन शब्दांशी.

मूठ बसते की नाही हे दुकानातल्यासारखं हातात घेऊन 'वा, छान वाटतंय' म्हणण्याने ठरत नाही. आम्ही ते असं बघतो. पिस्तूल रिकामं आहे याची दोनदा खात्री करायची आणि तोंड सुरक्षित दिशेलाच ठेवायचं. अंगठा आणि तर्जनी यांच्यामधली बेचकी मुठीच्या पाठीवर जितकी वर जाईल तितकी वर घ्यायची. बॅरल आणि कोपरापर्यंतचा हात एका सरळ रेषेत आले पाहिजेत. ही रेषा न मोडता आता तर्जनी ट्रिगरवर न्या. पहिल्या पेराचा मधला मांसल भाग ट्रिगरवर टेकला तर मूठ तुमची. नुसतं टोक पोचलं किंवा पोचवण्यासाठी मूठ हातात फिरवावी लागली, तर ती तुमची नाही, मग ती हाताला कितीही गुळगुळीत लागो.

ग्लॉक १७ च्या मुठीत गोळ्या दोन ओळींत बसतात, त्यामुळे ती पुढून मागे चांगलीच जाड झाली आहे. लांब बोटांच्या माणसाला हे जाणवतही नाही. आखूड बोटांच्या माणसापुढे दोनच मार्ग उरतात: टोकाने ट्रिगर ढकलायचा, नाहीतर मूठ फिरवून घ्यायची. मूठ फिरली की पाठीचा उंचवटा तळव्याच्या मध्यावरून सरकून अंगठ्याच्या मुळाशी येतो आणि गोळीचा सगळा धक्का त्या एका सांध्यावर बसतो.

माझ्याकडे सरावाला आलेली एक मुलगी आठवते. अंगठ्याच्या मुळाशी त्वचा लाल झालेली, आणि टार्गेटवरच्या गोळ्या एका घोळक्यात, पण सगळ्या डावीकडे. तिला आधी सांगण्यात आलं होतं की तू आवाजाला दचकतेस, मनगटात जोर नाही, व्यायाम कर. दचकणाऱ्याच्या गोळ्या अशा एकगठ्ठा पडत नाहीत, त्या विखुरतात. मी तिच्या शेजारी उभी राहून नुसतं तर्जनीकडे पाहत राहिले. टोक ट्रिगरच्या कडेला टेकत होतं आणि दाब मागे येण्याऐवजी तिरका डावीकडे जात होता. ते पिस्तूल ग्लॉकच्या चौथ्या पिढीचं, म्हणजे चौथ्या सुधारित आवृत्तीचं होतं आणि त्याच्या मुठीला मागून मोठी पट्टी लावलेली होती. कुणीतरी कधीतरी लावली आणि तशीच राहिली. पट्टी काढली, पेर जागेवर आलं, आणि त्याच दिवशी तिच्या गोळ्या मध्याकडे सरकू लागल्या. जोर तिच्या मनगटात आधीपासूनच होता.

ही पट्टीची सोय ग्लॉकने दिली ती २०१० मध्ये. पट्टी न लावता मूठ सर्वांत लहान, मधली पट्टी लावली की सुमारे दोन मिलिमीटर वाढ, मोठी लावली की चार. दोन मिलिमीटर ऐकायला काहीच नाहीत, पण बोटाचं टोक आणि पेराचा मध्य यांच्यातलं अंतर तरी असं कितीसं असतं! वॉल्थर कंपनीने पी ९९ या पिस्तुलात बदलत्या पाठीची सोय त्याच्या कितीतरी आधी दिली होती.

आणि हातासाठी पिस्तूल बदलायचं असतं ही गोष्ट तरी कुठे नवी आहे? १९११ सालच्या पिस्तुलाबद्दल पहिल्या महायुद्धानंतर तक्रारी आल्या. तेव्हा १९२० च्या दशकात त्याचा ट्रिगर आखूड केला गेला, ट्रिगरच्या मागे सांगाड्याला दोन्ही बाजूंनी खाच घेतली गेली, मुठीच्या पाठीला खाली बाक दिला गेला आणि गोळी उडवणाऱ्या हॅमरने बेचकी चिमटू नये म्हणून मागची शेपटी लांबवली गेली. हे सगळे बदल केवळ हातासाठी होते. पुढे जॉन ब्राउनिंग यांनी सुरू केलेलं आणि त्यांच्या निधनानंतर द्यूदोने साईव्ह यांनी पूर्ण केलेलं हाय पॉवर १९३५ मध्ये आलं. १३ गोळ्या दोन ओळींत बसवूनही त्याची मूठ सडपातळ राहिली. दोन ओळींचं मॅगझिन म्हटलं की मूठ जाडच होणार, हे कारण मला पटत नाही ते त्यामुळेच. चेकोस्लोव्हाकियातल्या कौत्स्की बंधूंचं सीझेड ७५ हातात घेऊन बघावं, बेचकीखाली मूठ आत वळते आणि हात आपोआप वर सरकतो. तिथेही पहिल्या गोळीला ट्रिगर बराच पुढे असतो, म्हणून आखूड बोटांना ते पिस्तूलही मी डोळे झाकून देणार नाही. अमेरिकी लष्कराने १९८५ मध्ये घेतलेल्या बेरेटाची मूठ लहान हातांना मोठी पडायची, ही तक्रार वर्षानुवर्षं होत राहिली. २०१७ मध्ये त्यांनी त्याच्या जागी सिग कंपनीचं पिस्तूल निवडलं, त्यात मुठीचा अख्खा सांगाडाच लहान-मोठा बदलता येतो.

ग्लॉकच्या बोटांच्या खाचांबद्दल लेखकाने फार कौतुकाने लिहिलं आहे. तिसऱ्या पिढीत मुठीच्या पुढच्या बाजूला बोटांसाठी खाचा आल्या. ज्याची बोटं त्या खाचांच्या मापाची, तो खूश. बाकीच्यांची बोटं खाचांत न बसता त्यांच्यामधल्या उंचवट्यांवर येतात, आणि मग प्रत्येक गोळीनंतर हात किंचित घसरून नवी जागा शोधतो. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी कितीतरी जणांनी ते उंचवटे कानशीने घासून टाकायची परवानगी मागितली आहे. २०१७ मध्ये पाचव्या पिढीत कंपनीने स्वतःच त्या खाचा काढून टाकल्या. कुणाच्याही हातात बसणारी मूठ असती, तर हे करावं लागलं नसतं. ट्रिगरभोवतीच्या कड्याच्या, म्हणजे ट्रिगर गार्डच्या खालच्या कडेने मधल्या बोटाच्या सांध्यावर पडणारा घट्टा तर ग्लॉकवाल्यांची ओळखच झाली आहे. पुढे ती कड जरा वर घेतली गेली, पण घट्टे अजून दिसतात.

आता विरोधी पत्राकडे वळते, कारण त्यातही अन्याय आहे. वीट म्हणून मोकळं होणं सोपं, पण या मुठीचे दोन गुण पत्रलेखकाच्या नजरेतून सुटले. एक म्हणजे, ग्लॉकला बाहेर हॅमर नसल्यामुळे हात अगदी वर, स्लाइडच्या म्हणजे पिस्तुलाच्या वरच्या सरकत्या भागाच्या जवळ जातो. बॅरल हाताच्या जितकं जवळ, तितकं धक्क्याने तोंड कमी उचललं जातं आणि पुढची साइट, म्हणजे नेम धरायची खूण, लवकर जागेवर येते. दुसरं म्हणजे कल. एम १९११ च्या तुलनेत ग्लॉकची मूठ मागे जास्त कललेली आहे. डोळे मिटून पिस्तूल नेमावर आणा आणि मग डोळे उघडा. १९११ ची सवय असलेल्यांना ग्लॉकचं तोंड वर गेलेलं दिसतं आणि ते लगेच म्हणतात, कल चुकीचा आहे. ग्लॉकवर शिकलेल्यांना १९११ चं तोंड खाली गेलेलं दिसतं. जर्मन लष्कराने १९०८ मध्ये घेतलेल्या लुगरची मूठ तर ग्लॉकपेक्षाही कललेली होती आणि तिच्या नेमाची तारीफ आजही होते. हल्ली दोन्ही हातांनी, अंगठे पुढे ठेवून पिस्तूल धरायला शिकवतात. त्या पकडीत आधाराच्या हाताचं मनगट खाली झुकून पक्कं होतं आणि ग्लॉकचा कल त्याला पूरक ठरतो. कल हा बराचसा सवयीचा भाग आहे, सरावाने हात त्यात रुळतो. बोटाची लांबी मात्र सरावाने वाढत नाही, म्हणून मी कलाच्या तक्रारीला फारसं महत्त्व देत नाही आणि ट्रिगरपर्यंतच्या अंतराला देते.

त्याच पत्रात हंगेरीच्या कारोय ताकाच यांचं नाव घेऊन, खरा नेमबाज कशानेही नेम साधतो, असं म्हटलं आहे. ताकाच यांचा उजवा हात १९३८ मध्ये हातबॉम्बच्या स्फोटात निकामी झाला. ते डाव्या हाताने शिकले आणि १९४८ व १९५२ च्या ऑलिंपिकमध्ये रॅपिड फायर पिस्तुलाचं सुवर्ण जिंकले. त्यांच्या जिद्दीपुढे मी नतमस्तक आहे. पण तो मुठीचा आकार बिनमहत्त्वाचा असल्याचा पुरावा कसा? ऑलिंपिकचे नेमबाज मुठीसाठी काय करतात ते जवळून बघा. लाकडी मूठ हाताच्या मापाने घेतात, तळव्याखालचा आधार पेचाने वरखाली करतात, टोचेल तिथे कानशीने घासतात, पोकळी राहील तिथे पुट्टी भरतात आणि वाळल्यावर पुन्हा घासतात. जगातले सर्वोत्तम हात मुठीसाठी एवढे हट्टी आहेत. नवशिक्याला मात्र आपण सांगतो, मिळालं त्यात भागव.

माझा खरा राग या वाक्यावर आहे. स्वतःसाठी खेळाचं पिस्तूल निवडणारा माणूस चार पिस्तुलं हातात घेऊन ठरवू शकतो. ज्यांच्या हातात नोकरीचा भाग म्हणून पिस्तूल दिलं जातं, त्यांना ती मुभा नसते, आणि त्यांच्यात स्त्रिया असतात, लहान चणीचे पुरुषही असतात. त्यांच्या गोळ्या चुकल्या की शेरा त्यांच्या नावापुढे पडतो. पेटीतल्या पट्ट्या पिशवीतून बाहेरही निघालेल्या नसतात. शस्त्र वाटणाऱ्याने दर माणसामागे पाच मिनिटं काढून, वर सांगितलं तसं, तर्जनीचं पेर कुठे पडतं एवढं बघितलं तरी पुष्कळ माणसांवरचा 'कमकुवत' हा शिक्का पुसला जाईल. पट्टी बदलायला एक खीळ काढून घालावी लागते, तिचं अवजारही सोबतच येतं.

लेखकाची शैली चांगली आहे आणि पिस्तुलाच्या यंत्रणेची माहिती त्यांनी बारकाईने दिली आहे. या विषयावर ते पुन्हा लिहिणार असतील तर माझी एक विनंती त्यांच्यापर्यंत पोचवावी: ती मूठ त्यांनी कुणाकुणाच्या हातात देऊन पाहिली आणि त्या हातांची बोटं किती लांब होती, तेवढं जरूर लिहावं.

आपली,
एक पिस्तूल नेमबाजी प्रशिक्षिका